तारीख सांगणारे अण्णा

गिऱ्हाईक सही करायला पेनचं टोपण काढायचं आणि नेमकं तेव्हाच अण्णा घसा खाकरायचे. त्या खाकरण्याबरोबर आमच्या मालकांचा चेहरा उतरायला लागायचा.

"एक सांगायचं ऱ्हायलं," अण्णा म्हणायचे. "ही गाडी तुमी आज घेताय. हिच्या पोटातला प्रोग्राम आमी पाच वर्षं सांभाळणार. त्याच्याफुडं गाडी चालंल, पण आमी सांभाळणार न्हाय. तारीख हितं लिवलीया. आधी ती वाचा, मग सही करा."

निपाणीच्या एका गोदामवाल्यानं हे ऐकून पेनला परत टोपण घातलं होतं. "लग्नाच्या बोलणीत नवऱ्याच्या मरणाची तारीख सांगतंय व्हय कोण?" असं म्हणून तो उठून गेला. मालक त्या दिवशी अण्णांशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. अण्णांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गोदामवाला आपल्या मोठ्या मुलाला घेऊन परत आला. "दुसऱ्या दोन कंपन्यांना मी त्यांची तारीख इचारली," तो म्हणाला, "एकाला बी सांगता आली न्हाय." आणि त्यानं सही केली. मालकांनी चहा मागवला, पण अण्णांचं बरोबर होतं असं काही ते म्हणाले नाहीत.

आमची कंपनी बेळगावात उद्यमबागेत होती. आम्ही स्वतःहून चालणाऱ्या गाड्या बनवायचो. गुडघ्याएवढ्या उंच, पाठ सपाट, पुढे एक फिरता डोळा. फाउंड्रीत ओतलेले भाग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचे, गोदामात पोती हलवायची, यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचे जड बीम मागापर्यंत पोचवायचे, अशी त्यांची कामं. डोळ्यासमोर माणूस आला की गाडी थांबते, माणूस गेला की चालू लागते. मी कंग्राळीची. घरची शेती, इंजिनिअरिंग गावाजवळच झालेलं, आणि ही माझी पहिली नोकरी. अण्णा प्रोग्रामचं खातं बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होते.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकातच असायचं. वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. वडगावातल्या विणकर घरातले, डिप्लोमा केलेले. प्रोग्राम लिहायला चाळिशीनंतर आपले आपण शिकले. बोलायचे मराठीत, भांडायचे मराठीत, पण आकडे मोजायचे कानडीत. गाडी किती वेळा थांबली हे तपासताना त्यांच्या तोंडून "ओंदु, एरडु, मूरु" असं हलक्या आवाजात चाललेलं असायचं. मध्ये कुणी बोललं तर हात वर करून थांबवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे.

आमच्या प्रोग्रामचा मूळ पाया आमचा नव्हता. जगभरातली माणसं मिळून तो लिहितात आणि फुकट वाटतात. दर वर्षी त्याची नवी आवृत्ती निघते. एक वर्षाआड निघणारी पाच वर्षं सांभाळतात, मधली दीड वर्षात सोडून देतात. सोडून देतात म्हणजे पुसून टाकत नाहीत. ती चालत राहते, फक्त तिच्यात खोट सापडली तर दुरुस्त करायला कुणी बसलेलं नसतं. बहुतेकांच्या हा फरक लक्षात यायचा नाही. अण्णांना मात्र रोज उठून तोच दिसायचा. "चालतंय येगळं आणि सांभाळलं जातंय येगळं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते सुरू झालं की आम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुरं करायचो.

आमच्या आवृत्त्यांना त्यांनी रेल्वे स्टेशनांची नावं दिली होती. बेळगावहून खानापूरकडे निघालं की लागतात त्याच क्रमानं: देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी. कुठली जुनी आणि कुठली नवी हे कुणाला विचारावं लागायचं नाही. फोनवर एखादा मेकॅनिक म्हणायचा, "अण्णा, आमची गाडी अजून देसूरलाच हाय," आणि अण्णा म्हणायचे, "आता हाला की फुडं."

आवृत्ती संपायला वर्ष राहिलं की ते पोस्टकार्डं लिहायला बसायचे. मग सहा महिने राहिले की परत, आणि एक महिना राहिला की परत. निपाणीला मराठीत, चिकोडीला कानडीत, खानापूरकडे एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी. मी नवी असताना म्हटलं, "अण्णा, ईमेल गेलाय की सगळ्यांना."

"ईमेल हापिसला जातंय," ते म्हणाले. "गाडी हापिसात चालत न्हाय."

कार्डं ते मॅनेजरला पाठवायचेच नाहीत. गाडी बसवायला जायचे तेव्हा तिच्या आसपास जो माणूस दिवसभर काम करणार असेल त्याचं नाव आणि घरचा पत्ता वहीत लिहून घ्यायचे. कार्ड त्याच्या घरी जायचं. "तुमी जिच्याबरोबर काम करताय त्या गाडीची देखभाल अमक्या तारखेला संपती. त्यानंतर तिच्या म्होरं चालताना जपून," असा त्यात मजकूर असायचा, आणि खाली सही.

दुकानात बिस्किटाचा पुडा घेतला तरी आधी उलटा करून तारीख वाचायचे. एका लग्नात त्यांनी वाढप्याला पाण्याच्या बाटलीचं बूच दाखवून थांबवलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हा पंगतीत खाली मान घालून जेवत राहिल्या.

आवृत्तीच्या शेवटच्या दिवशी आमच्या शेडमध्ये छोटा समारंभ व्हायचा. चालू असलेल्या प्रत्येक आवृत्तीची एक गाडी आमच्या फरशीवर असायची, तपासायला. संपणाऱ्या आवृत्तीच्या गाडीला अण्णा शेडभर एक फेरी मारायला लावायचे आणि स्वतः तिच्यामागून चालायचे. मग गाडी बंद करायचे, तिच्यात नवी आवृत्ती भरायला मला सांगायचे आणि सगळ्यांना चिरमुरे-शेंगा वाटायचे. कुणी हसलं तर हसू द्यायचे.

त्यांचा एकच कडक नियम होता. जी गाडी आपल्या फरशीवर नाही, तिच्या पोटात हात घालायचा नाही. म्हणजे संपलेल्या आवृत्तीत कुणी कितीही गयावया केली तरी बदल करून द्यायचा नाही, कारण तो तपासायला आपल्याकडे गाडीच उरलेली नसते. गिऱ्हाइकाला हा नियम दगडासारखा वाटायचा. मलाही वाटायचा.

तो मी मोडला.

इदलहोंड आवृत्ती संपून चारेक महिने झाले होते. खानापूर रस्त्यावरच्या एका फाउंड्रीत तिच्यावरच्या दोन गाड्या अजून चालत होत्या. नवी आवृत्ती भरायची तर गाड्या आठवडाभर आमच्याकडे आणाव्या लागणार होत्या, आणि फाउंड्रीला तेवढा वेळ निघत नव्हता. एक दिवस तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. अण्णा चिकोडीला गेले होते, फोन मी घेतला. धुळीनं गाडी दर दोन मिनिटाला थांबतेय, माणसं वैतागलीत, काहीतरी करा मॅडम, असं तो काकुळतीनं सांगत होता. मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस.

दुखणं मला माहीत होतं. समोर काही दिसलं की गाडी लगेच थांबते, मग ते धुळीचे कण का असेनात. नव्या आवृत्तीत आम्ही ते सुधारलं होतं: लागोपाठ तीनदा दिसलं तरच थांबायचं. एका आकड्याचा तर बदल. मी त्याला फोनवर तो कुठे करायचा ते सांगितलं. पाच मिनिटांत काम झालं. तो म्हणाला, "लई उपकार झालं." दिवसभर मला बरं वाटत होतं. अण्णांना मी सांगितलं नाही.

नव्या आवृत्तीत गाडीचा डोळा भराभर बघायचा, जुन्या आवृत्तीत तो संथ होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. तीनदा बघेपर्यंत जुनी गाडी चांगली हात-दीड हात पुढे जायची. आमच्या फरशीवर ती गाडी असती तर पहिल्याच फेरीत दिसलं असतं.

आठव्या दिवशी त्या गाडीनं यल्लाप्पा नावाच्या कामगाराचा पाय भिंतीशी दाबला. गाडीवर ओतलेलं लोखंड होतं. घोट्याची दोन हाडं मोडली.

बातमी आली तेव्हा मी जागेवरच बसून राहिले. मग उठून अण्णांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आकडा किती केलतीस?"

"तीन."

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत मोजलं. मग म्हणाले, "चल, मालकास्नी सांगू."

मालक वाईट माणूस नव्हते. वडिलांची बंद पडत आलेली वर्कशॉप त्यांनी उभी केली होती आणि आमच्यासारखी तीसेक घरं तिच्यावर चालत होती. ते म्हणाले, "पत्र आहे आपल्याकडं. देखभाल संपली असं लेखी कळवलेलं आहे, तीन वेळा. फोनचं कुठं काही लिहिलेलं नाही. फोनचा विषय काढायचा नाही."

अण्णा म्हणाले, "पत्र खरं हाय. पण फोन बी खरा हाय."

"अण्णा, हिची पहिली नोकरी आहे. हिचं नाव येईल."

"तिला इचारा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला त्यांना भेटायचं आहे."

यल्लाप्पाचं गाव नंदगडच्या अलीकडे, आत. दवाखान्यातून त्याला घरी आणलं होतं. आम्ही एसटीनं गेलो. वाटेत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. माझ्या मनात वाक्यं जुळत होती आणि मोडत होती. खानापूर मागं पडल्यावर मी विचारलं, "अण्णा, मी काय सांगू?"

"झालं ते सांग. लांबवू नको."

यल्लाप्पा पन्नाशीचा असावा. बाहेरच्या सोप्यात कॉटवर पाय उशीवर ठेवून पडला होता. त्याच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं. मी झालं ते सांगितलं. आकडा मी बदलला, तपासला नाही, तपासायला गाडी नव्हती, तरीही बदलला. सांगताना मी त्याच्या पायाकडेच बघत होते.

तो बायकोला म्हणाला, "ते कार्ड आण गं."

तिनं फळीवरच्या डब्यातून अण्णांचं पोस्टकार्ड आणलं. शेवटचं, तारखेला एक महिना राहिला असतानाचं.

"हे आलतं," यल्लाप्पा म्हणाला. "तवापास्नं मी गाडीच्या म्होरनं जात न्हवतो. लांबनं जायचो. लोक हसायचे मला. मग सायेब म्हटले, कंपनीच्या म्याडमनी फोनवर दुरुस्त करून दिली. म्हटलं, म्हंजे अजून कंपनीचं ध्यान हाय. मग मी परत म्होरनं जायाला लागलो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. मी रडले. त्याच्या बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

अण्णा मात्र ते कार्ड हातात घेऊन बसले होते. उलटं करून कानडीतलं वाचलं, सुलटं करून मराठीतलं वाचलं. निघताना त्यांनी यल्लाप्पाला नमस्कार केला. वयानं अण्णा मोठे होते, तरी वाकून केला.

परतीच्या एसटीत ते आपणहून बोलले. "तुझं चुकलं ते तुला कळलंय, त्यावर मी काय बोलत न्हाय. माझं बी चुकलंय."

"तुमचं काय चुकलं?"

"कार्ड लिवलं की मी मोकळा व्हत हुतो. तारीख सांगितली, संपलं. आणि गाडी तितंच पळत हुती, तेवढ्याच जोरानं. सांभाळणारं कोण न्हाय म्हटल्यावर तिनं हळू चालाय नको?" मग म्हणाले, "म्होरनं जायाचं का मागनं, ते त्या बिचाऱ्यानं ठरवायचं. माझ्या कार्डावरनं."

फाउंड्रीतल्या दोन्ही गाड्या त्यांनी अपघाताची बातमी आली तेव्हाच बंद करवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या फरशीवरची एक नवी गाडी मोकळी केली, तिच्यात मागची इदलहोंड आवृत्ती परत भरली आणि आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहिलो. सहा दिवस ते काम चाललं. मी लाकडी पाय घेऊन गाडीसमोर धरायचे, अण्णा मोजायचे. ओंदु, एरडु. शेवटी जी आवृत्ती तयार झाली ती त्या नावाची शेवटची. तिच्यात नवीन काही नव्हतं. गाडी म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं चालायची, शंका आली की थांबायची, आणि कुणीतरी बटण दाबल्याशिवाय पुन्हा निघायची नाही. तिला सांभाळणारं कुणी नसलं तरी तिच्यानं कुणाला इजा होऊ नये, एवढंच त्यात बघितलं होतं.

"हे फुकट द्यायचं, आणि प्रत्येक आवृत्तीचं शेवटाला हेच करायचं," अण्णांनी मालकांना सांगितलं. "तारीख आली की गाडी हळू झाली पायजे."

मालक म्हणाले, "गाडी हळू झाली की गिऱ्हाईक बोंबलणार."

"बोंबलू द्या. बोंबललं की नवी आवृत्ती भरून घ्यायला येतंय."

चार दिवसांनी मालक एकटेच यल्लाप्पाच्या गावाला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण दवाखान्याचं सगळं कंपनीनं बघितलं, फाउंड्रीला झालेलं खरं लेखी कळवलं, आणि अण्णांचा नवा नियम लागू झाला. यल्लाप्पा पाच महिन्यांनी कामावर गेला. थोडा लंगडतो. माझी नोकरी राहिली. मी ती सोडायला निघाले होते, तेव्हा अण्णा म्हणाले, "आता तुला जे कळलंय ते दुसऱ्या कुणाला शिकवायला मला किती वर्षं लागतील? बस गप."

त्यानंतर तीनेक वर्षांनी ते निवृत्त झाले. दोन वर्षं आधीच एकदा चहा पिताना त्यांनी सांगून टाकलं होतं, "अजून दोन वर्षांनी, ह्याच महिन्याच्या शेवटाला मी जाणार. तवर काय इचारायचं ते इचारा. नंतर कामाचा फोन केला तर मी उत्तर द्यायचो न्हाय." आम्ही हसलो. शेवटच्या वर्षात ते कीबोर्डला हात लावेनासे झाले. माझ्या टेबलामागे उभे राहायचे, डाव्या हातानं उजवं मनगट मागं धरून, आणि मी चुकत असले तरी गप्प बसायचे. मी वळून बघितलं तर छताकडे बघायचे. मला त्याचा संताप यायचा. आपण आपलं शोधायचं, शोधून दाखवायचं, मग ते म्हणायचे, "आयतु." म्हणजे झालं. यापलीकडे कौतुक नाही.

ते निवृत्त होऊन गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात चिकोडीच्या एका गोदामात तीन गाड्या एकाच वेळी जागेवर गोल फिरायला लागल्या. सकाळचे अकरा वाजले होते. मला काही सुचेना आणि मी फोन लावला.

"अण्णा, चिकोडीच्या गाड्या..."

"बरी हाइस न्हवं? आईचा गुडघा काय म्हणतोय?"

"अण्णा, तीन गाड्या गोल फिरतायत."

"आमच्याकडं ह्या येळला मका बरी आलीया म्हणं, कंग्राळीकडं कशी हाय?"

मी दोनदा परत विचारलं. ते मक्यावर, पावण्यारावळ्यांवर, काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनवर बोलत राहिले. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते रागानं. मी "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

मग गोदामवाल्याला बटण दाबून तिन्ही गाड्या बंद करायला लावल्या, आमच्या फरशीवरची त्याच आवृत्तीची गाडी काढली आणि एकेक गोष्ट बदलून बघायला लागले. चार वाजून गेल्यावर सापडलं. गोदामवाल्यानं भिंतीला नवे पत्रे मारले होते, चकचकीत. गाडीला त्यात स्वतःचंच प्रतिबिंब दिसत होतं आणि ती त्याला वाट द्यायला वळत होती. नव्या पत्र्यांवर गाडीच्या उंचीएवढा काळा रंग मारायला सांगितला. संध्याकाळपर्यंत गाड्या सुरळीत झाल्या. मी अण्णांना फोन केला नाही. राग होता तो होताच.

पंधरा दिवसांनी कंपनीचे काही कागद द्यायला वडगावला त्यांच्या घरी गेले. दोन्ही बाजूंना माग खडखडत असलेली गल्ली. अण्णांनी चहा पाजला, मालकांची खुशाली विचारली, चिकोडीचं एका अक्षरानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कागदांवर सह्या करून ते चष्मा ठेवायला आत गेले आणि काकू मला दारापर्यंत पोचवायला आल्या.

"तू रागावलीस व्हय गं त्यांच्यावर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी चपला घालायला लागले.

"त्या दिवशी तुझा फोन झाला न्हवं, तवा मी ताट वाढलंतं. 'ऱ्हाऊ दे' म्हटले. फोन मांडीवर घिऊन हितं उंबऱ्यात बसलं, हालंनात. वहीत कायतरी काढत हुतं, खोडत हुतं. तीनदा ताट झाकून ठेवलं मी. पार दिवेलागणीला उठलं आणि म्हटलं, 'फोन आला न्हाय. सापडलं पोरीला. वाढ आता.'"